पंचवीसमधला पाच आधी का? सीमाभागातल्या लहानग्यांना अंक शिकवताना

मी शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी वर्गात एक मुलगा होता. "पंचवीस लिही" म्हटलं की तो पाटीवर ५२ लिहायचा. पुसायला लावलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा ५२. शेवटी मी त्याला २५ वीस वेळा लिहायला लावलं. त्यानं मुकाट्यानं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी परत ५२.

त्याच आठवड्यात तो मला बाजारात आजीबरोबर दिसला. भाजीवाल्या अक्कांनी कन्नडमध्ये "इप्पत्तैदु", म्हणजे पंचवीस, म्हटलं. पोरानं आजीच्या बटव्यातनं आधी विसाची नोट काढली, मग पाचाचं नाणं, आणि दोन्ही अक्कांच्या हातावर ठेवलं. ना थांबला, ना बोटं मोजली. मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. पंचवीस या शब्दात पाच आधी ऐकू येतो, म्हणून तो पाच आधी लिहीत होता. कानावर पडलं ते त्यानं इमानानं पाटीवर उतरवलं होतं, आणि मी त्याला त्याची शिक्षा दिली होती. ते वीस वेळा लिहायला लावणं मला आजही बोचतं.

ज्यांच्या घरात तीन ते सात वर्षांचं मूल आहे, किंवा जे नुकतेच बालवाडीत, पहिलीत शिकवायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत अंक शिकवताना ज्या अडचणी येतात, त्या पुण्या-साताऱ्याच्या पालकांना येतातच असं नाही. आणि आपल्याकडं जी सोय आहे, तीही त्यांच्याकडं नाही.

सुरू करण्यापूर्वी

आपल्याकडचं मूल तीन तऱ्हेचे अंक बघत वाढतं. मराठी दिनदर्शिकेत आणि लग्नपत्रिकेत देवनागरी. मोबाइलवर, घड्याळात, गाडीच्या नंबरप्लेटवर आपण ज्यांना इंग्रजी म्हणतो ते. आणि कन्नड फलकांवर कुठंकुठं कन्नड अंक. २०१५ च्या कायद्यानुसार कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून पहिलीपासून शिकवायची आहे, त्यामुळं मराठी शाळेत घातलं तरी कन्नड मुलाच्या वाट्याला येतेच.

घरोघरी एक वाद ऐकते. आजोबा म्हणतात, नातवाला मराठी आकडे येत नाहीत, सगळे इंग्रजी लिहितो. त्या आजोबांना मी नेहमी सांगते: आपल्या घटनेच्या ३४३ व्या कलमात या 'इंग्रजी' अंकांना भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप म्हटलंय. देवनागरी, कन्नड आणि हे इंग्रजी, तिन्हींचं मूळ ब्राह्मी अंकांत आहे. भावंडंच आहेत ती. देवनागरी अंक मुलाला यायलाच हवेत, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न फक्त कशानंतर काय एवढाच आहे.

म्हणून पहिलं काम: मुलाचं गणिताचं पुस्तक उघडा आणि त्यात कोणते अंक आहेत ते बघा. जे असतील तेच आधी पक्के करायचे, एक ते दहा, वाचायला आणि लिहायलाही. दुसरे अंक त्यानंतर, निदान दोन-तीन महिन्यांनी. मूल अजून शाळेत जात नसेल, तर ज्या शाळेत घालणार तिथलं पहिलीचं पुस्तक शेजाऱ्यांकडून मागून आणा. तिन्ही तऱ्हा एकाच तक्त्यावर शेजारी शेजारी छापलेले रंगीत तक्ते बाजारात मिळतात. चार वर्षांच्या मुलासमोर तो तक्ता टांगू नका. दुसरीतल्या मुलाला तोच तक्ता आवडीचा होतो.

पहिली पायरी: हात लावून मोजणं

पाटी-पेन्सिलच्या आधी ही पायरी. पाहुण्यांसमोर एक ते वीस घडाघडा म्हणणारी पोरं असतात, पण चार वाट्या आण म्हटलं की पाच आणतात. म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोजायला जे घरात आहे ते घ्या. लिंबं, बटाटे, रताळी, शेंगा. खानापूरकडं काजूच्या बिया, कुठं चिंचोके, कुठं सागरगोटे. तीन-साडेतीन वर्षांच्या आतल्या मुलांना चिंचोके, काजूबिया देऊ नका, नाका-कानात जातात, घशात अडकतात. त्यांना लिंबू-बटाटे बरे.

एक वस्तू उचलायची, एक शब्द म्हणायचा, आणि ती दुसऱ्या बाजूला सरकवायची. सरकवणं महत्त्वाचं. नुसतं बोट फिरवलं की मूल एखादी वस्तू दोनदा मोजतं, एखादी सोडतं. सरकवली की मोजलेलं आणि राहिलेलं वेगळं दिसतं.

मोजून झाल्यावर विचारा, "किती झाले?" मूल परत एकपासून मोजायला लागलं, तर त्याला अजून कळलेलं नाही की शेवटी म्हटलेला 'पाच' म्हणजे ते सगळे मिळून. चिडायचं कारण नाही. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाच लिंबं!" असं म्हणत सगळ्या लिंबांवरून हात फिरवा. रोज फिरवा. काही आठवड्यांत एक दिवस मूल स्वतः हात फिरवून सांगतं.

मग उलटी परीक्षा: "मला चार लिंबं दे." समोर ठेवलेली चार मोजण्यापेक्षा ढिगातनं चार काढून देणं बरंच अवघड आहे, कारण चारला थांबावं लागतं. ज्या संख्येपर्यंत मूल न चुकता काढून देतं, तेवढीच संख्या त्याला खरी आलीय असं धरा. वीसपर्यंत म्हणणारं मूल कधी कधी फक्त तीन काढून देऊ शकतं. मग शिकवणं तीनपासून, वीसपासून नाही.

जेवणाच्या वेळी ताटं-वाट्या मांडायचं काम मुलाकडं द्या. आज्जा, आजी, आई, बाबा, मी: पाच माणसं, पाच ताटं. एक कमी पडलं तर कुणीतरी ताटाविना बसतं आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते.

दुसरी पायरी: एका नजरेत ओळखणं

ही पायरी थोडक्यात, कारण यात खेळण्याशिवाय काही करायचं नाही. तीन वस्तू समोर असल्या तर मोठी माणसं मोजत नाहीत, बघताच तीन म्हणतात. मुलाला तेच जमायला हवं. सोंगटीच्या खेळातला फासा यासाठी उत्तम. त्याहून उत्तम आपल्या कवड्या. चार कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या तेवढं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. आजी-आजोबांना हा पट अजून येत असेल तर जमिनीवर खडूनं घरं आखायला सांगा आणि नातवंडाला शेजारी बसवा. दान बघून तेवढी घरं सोंगटी चालवायची, यात ओळखणं आलं आणि मोजणंही. आमच्या शेजारच्या आज्जींनी एका उन्हाळ्यात गल्लीतल्या चार पोरांना असं शिकवलं, कुणालाही न सांगता की ती शिकवतेय.

तिसरी पायरी: अंकाचा चेहरा

आता कार्ड. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून पोस्टकार्डाएवढी कार्डं करा. एका बाजूला मोठा अंक, दुसऱ्या बाजूला तेवढे ठिपके. एका वेळी तीनच अंक घ्यायचे, आणि तेही एकमेकांसारखे न दिसणारे. देवनागरी शिकवत असाल तर १, २, ४ चालतील. २ आणि ३ एकाच दिवशी नकोत, कारण दोन्हींचं वरचं वळण सारखं. मूल तिन्ही न चुकता उचलू लागलं की एक नवा अंक घालायचा.

शून्याला विसरू नका. टोपलीतलं एकेक लिंबू काढत जा, चार, तीन, दोन, एक, आणि रिकामी टोपली दाखवून "किती?" विचारा. "काही नाही" म्हटलं की शून्याचं कार्ड त्या टोपलीत ठेवायचं.

देवनागरीत ३ आणि ६ ही जोडी सर्वांत जास्त रडवते. आरशात धरल्यासारखे दिसतात दोघं. इथं आपली भाषाच मदतीला येते. दोघांचं पटत नसलं की आपण 'छत्तीसचा आकडा' म्हणतो. ३६ लिहून बघा: ३ ची फुगीर बाजू उजवीकडं, ६ ची डावीकडं, आणि उघडी तोंडं दोन दिशांना. पाठीला पाठ लावून बसलेत. आता ६३ लिहा, दोघं समोरासमोर. मी मुलांना सांगते की तीनदादा आणि सहाताई भांडलेत, म्हणून छत्तीसमध्ये एकमेकांकडं बघत नाहीत, आणि त्रेसष्टमध्ये त्यांची गट्टी होते. मुलांना अजून छत्तीस म्हणजे किती हे कळत नसलं तरी बिघडत नाही. दोन मुलांना उभं करून पाठीला पाठ लावायला लावा, मग तोंडं वळवायला लावा. असा खेळ केल्यावर ३-६ ची गफलत माझ्या वर्गात फार कमी उरली. हा खेळ फक्त देवनागरीत चालतो, इंग्रजी तीन-सहाला लागू नाही.

दुसरी गफलत होते ती देवनागरी आणि इंग्रजी अंक एकत्र आल्यावर. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. आपला ४ वर उघडा असतो, तोच वर मिटला की इंग्रजी आठ. घाईत लिहिलेला ५ इंग्रजी चारसारखा होतो. मूल दुसरे अंक शिकायला लागलं की या तीन जोड्या मुद्दाम समोरासमोर ठेवून बोला: "हा आपला एक, हा इंग्रजी नऊ. वेगळं काय दिसतं?" उत्तर मुलाला शोधू दे. वहीवर मात्र एका पानावर एकाच तऱ्हेचे अंक. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात छोटी खूण करायची, घराचं चित्र असलं तर देवनागरी, बसचं चित्र असलं तर इंग्रजी.

कन्नड अंकांचं तेव्हा बघा जेव्हा मूल स्वतः विचारेल. कन्नड दोन आणि तीन आपल्या २-३ चे सख्खे वाटतात, चारही ओळखीचा वाटतो. कन्नड एक मात्र जवळजवळ गोल असतो, खाली थोडा उघडा. मुलं त्याला शून्य म्हणतात. तेवढं सांगितलं की पुरे.

चौथी पायरी: लिहिणं

लिहिण्याची घाई हीच सर्वांत मोठी चूक. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ठिपक्यांवरून गिरवायला लावतात आणि ते कंटाळलं की आळशी म्हणतात. त्या वयात मनगट आणि बोटं तयार नसतात. त्यांना कणीक मळू द्या, शेंगा फोडू द्या, फुलं ओवू द्या, कपड्यांचे चिमटे लावू-काढू द्या. खानापूरला कुंभारकामाची माती सहज मिळते. तिच्या वळ्या करून अंक घडवायला लावले तर मुलाला अंकाचं वळण बोटांनी कळतं. आमच्याकडची तांबडी मातीसुद्धा चाळून परातीत पसरली की छान पाटी होते, बोटानं लिहायचं आणि परात हलवून पुसायचं. पावसाळ्यात माती ओली असते, तेव्हा रवा घ्या.

रांगोळीच्या ठिपक्यांना मी फार मानते. चार ठिपके जोडून आडवी, उभी, तिरकी रेघ, मग वळण. दारात आई रांगोळी काढताना शेजारी मुलासाठी हातभर जागा सोडली की रोजचा सराव आपोआप होतो.

मग हवेत. पूर्ण हात पसरून, मोठ्यानं बोलत. बोलण्याला फार महत्त्व आहे, कारण हात कुठून निघाला आणि कुठं वळला हे मुलाला शब्दांनी लक्षात राहतं. मी असं म्हणून घेते:

० : "एक फेरी, जिथनं निघालो तिथं परत."
१ : "गोल गुंडाळला, खाली शेपूट."
२ : "एक पोट, मग शेपूट."
३ : "एक पोट, दुसरं पोट, मग शेपूट."
४ : "घाट उतरलो, खाली वळसा घातला, घाट चढलो."

चार लिहिताना आमची मुलं चोर्ला घाट म्हणतात. गोव्याला जाऊन आलेल्या एका मुलीनं ते नाव दिलं आणि तेच राहिलं. तुमच्या घरी आंबोली म्हणा. पाचपासून पुढचे शब्द मुलांकडूनच काढा, त्यांनी केलेले शब्द ती विसरत नाहीत.

शिकवण्याचा क्रम एक ते नऊ असाच हवा असं नाही. लिहायला ०, १, २, ३, ४ आधी. ६ हा ३ नंतर किमान पंधरा दिवसांनी.

हवेनंतर पाटी, पाटीनंतर कागद. पाटीची पेन्सिल बोटाच्या पेराएवढी छोटी असावी. लांब पेन्सिल मुठीत धरली जाते, छोटी पेन्सिल आपसूक तीन बोटांत येते. एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगते: मूल सतत पेन्सिल, खडू, माती खात असेल तर रागावून भागत नाही. अंगात रक्त कमी असलं तरी असं होतं. अंगणवाडी ताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा.

कागदावर आलात की मोठ्या चौकटीची वही घ्या आणि एका चौकटीत एकच अंक. मूल एक ओळ लिहितं तेव्हा पहिले दोन-तीन अंक छान येतात आणि पुढं पुढं बिघडत जातात, कारण ते वरच्या नमुन्याकडं बघायचं सोडून आपल्याच शेजारच्या अंकाची नक्कल करायला लागतं. म्हणून अर्धीच ओळ. आणि त्या ओळीतला सर्वांत चांगला अंक मुलालाच निवडून त्याभोवती गोल करायला सांगा. स्वतःच्या अक्षराकडं ते तेव्हा पहिल्यांदा नीट बघतं.

अंक उलटा लिहिणं, म्हणजे आरशातल्यासारखा, हे सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांचं होतं. त्यावर लाल फुली मारू नका. शेजारी बरोबर अंक लिहा, हवेत एकदा काढून घ्या, पुढं चला. डावखुऱ्या मुलाचा हात बदलायला लावू नका. त्याची वही शरीराच्या थोडी डावीकडं आणि वरचं टोक उजवीकडं कललेलं ठेवा, आणि नमुना उजव्या बाजूलाही लिहा, नाहीतर त्याच्याच हाताखाली झाकला जातो.

रोज दहा मिनिटं. शंभरपर्यंत रोज एकदा लिहून दाखव असा गृहपाठ काही घरांत दिला जातो. ओळीनं लिहिताना मूल आधी सगळे दशक लिहून काढतं, १ १ १ १ असे खाली खाली, आणि मग शेजारी ० ते ९ भरतं. वही भरते, डोक्यात काही जात नाही.

पाचवी पायरी: दहाच्या पुढं, आणि कन्नडची मदत

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सीमाभागातल्या मुलांचा खरा प्रश्न इथं आहे आणि उत्तरही इथंच आहे.

मराठीत एक ते शंभर ही जवळजवळ शंभर वेगळी नावं आहेत. एकट्या तीनचीच रूपं बघा: तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. शिवाय प्रत्येक नावात एकक आधी आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस: नऊ लिहायचा आणि म्हणताना पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं. एकोणपन्नासमध्ये मुलाला पन्नास ऐकू येतं आणि ते ५९ लिहितं. नव्व्याण्णवला मात्र एकोणशंभर म्हणत नाहीत.

आता कन्नड ऐका. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. वीस म्हणजे इप्पत्तु, आणि पंचवीस म्हणजे इप्पत्तु-ऐदु, इप्पत्तैदु. वीस आधी, पाच मागून, जसं लिहितो तसंच. तीस मूवत्तु, चाळीस नलवत्तु, पन्नास ऐवत्तु, साठ अरवत्तु, सत्तर एप्पत्तु, ऐंशी एंबत्तु, नव्वद तोंबत्तु, शंभर नूरु. एकोणीससुद्धा हत्तोंबत्तु, म्हणजे सरळ दहा-नऊ. बाजारातल्या त्या मुलानं वीस आणि पाच त्याच क्रमानं का काढले, ते इथं कळतं.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन दिलं गेलं आणि मोठा गदारोळ झाला. डॉ. मंगला नारळीकरांनी त्या पद्धतीची बाजू मांडली होती. बोलण्यात एकक आधी आणि लिहिण्यात दशक आधी, शिवाय जोडाक्षरांची गर्दी, यानं लहान मुलं अडखळतात, हे त्यामागचं कारण. मला विचाराल तर पंचवीस, त्रेसष्ट ही नावं जपायलाच हवीत. आपले पाढे त्यांच्यावर उभे आहेत आणि ती गेली तर आजीचा हिशोब नातवाला कळणार नाही. पण त्या नावांपर्यंत चढायला एक पायरी लागते, आणि ती पायरी आपल्या मुलांच्या कानावर बाजारात रोज पडते. मराठीचा आग्रह मीही धरते. मुलाला इप्पत्तैदु समजलं म्हणून माझं मराठी कमी होत नाही.

प्रत्यक्षात असं करा. उदबत्तीच्या काड्या किंवा तुरीच्या सारख्या तोडलेल्या काटक्या घ्या. दहा मोजून रबरानं बांधायच्या, अशा नऊ जुड्या आणि नऊ सुट्या काड्या. जुडी मुलानं स्वतः मोजून बांधलेली हवी, आयती नको. निपाणीकडच्या घरांत विड्या वळणारी आजी असेल तर तिला विचारा. पंचवीसची जुडी न मोजता हाताच्या अंदाजानं उचलणं तिला ठाऊक असतं, आणि जुडी म्हणजे काय ते ती मुलाला काड्यांवर माझ्यापेक्षा छान समजावेल.

दोन जुड्या डावीकडं, पाच सुट्या काड्या उजवीकडं. मुलाला हात ठेवून म्हणायला सांगा: "वीस... आणि पाच." मग "इप्पत्तु... ऐदु." मग "पंचवीस." तिन्ही वेळा डोळ्यांसमोर तेच. त्यानंतर लिहायचं: डावीकडं किती जुड्या? २. उजवीकडं सुट्या किती? ५. आम्ही वर्गात म्हणतो, "कानाला पाच आधी, हाताला दोन आधी."

काही मुलं २५ च्या ऐवजी २०५ लिहितात, वीस लिहिले आणि पुढं पाच. त्यांच्यासाठी लग्नपत्रिकेच्या कागदाचीच दुसऱ्या प्रकारची कार्डं करा. १०, २०, ३० पासून ९० पर्यंतची रुंद कार्डं, आणि १ ते ९ ची त्याच्या अर्ध्या रुंदीची. २० च्या कार्डावर शून्य झाकलं जाईल असं ५ चं कार्ड ठेवलं की २५ दिसतं. ५ उचललं की खालून शून्य निघतं. मुलं हे कार्ड किती वेळा उचलतात आणि ठेवतात बघा. वीस कुठं गेले नव्हते, पाचाच्या खाली होते, हे त्यांना हातानं कळतं.

एकोणाच्या संख्या सर्वांत शेवटी, बाकीचं दशक पक्कं झाल्यावर. तीन जुड्या मांडायच्या, तीस. एका जुडीतली एक काडी काढून घ्यायची. "तीसला एक उणा, एकोणतीस." मग फुटलेल्या जुडीतल्या नऊ काड्या सुट्या मोजायच्या: दोन जुड्या, नऊ सुट्या, २९. 'ऊण' हा शब्द तिथं अर्थासकट शिकवला गेला की पुढच्या एकोणचाळीस-एकोणपन्नासला फार त्रास होत नाही.

हे सगळं शंभरपर्यंत न्यायला पहिलीचं पूर्ण वर्ष आणि दुसरीतले काही महिने लागले तरी लागू द्या. वर्षभरात काड्या मोडतील, रबरं हरवतील, नवी आणा.

कधी काळजी करायची

दुसरीत गेलेल्या मुलालाही ढिगातनं पाच वस्तू काढून देता येत नसतील, किंवा फळ्यावरचा अंक वहीत उतरवताना ते डोळे बारीक करत असेल, तर आधी नजर आणि कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि जे दिसलंय ते बाईंना आधी सांगून ठेवा.

घराबाहेर

पहिला, दुसरा, तिसरा हे शब्द शिकवायला बेळगावकरांना तक्ता लागत नाही. टिळकवाडीतनं जाताना पहिलं रेल्वे गेट, दुसरं रेल्वे गेट, तिसरं रेल्वे गेट. "आपण दुसऱ्या गेटवर आहोत, आता कुठलं येणार?" एवढं विचारलं की झालं. रस्त्यावर गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. केए नंतर २२ म्हणजे बेळगाव, २३ म्हणजे चिकोडी, एमएच नंतर ०९ म्हणजे कोल्हापूर. निपाणीच्या मुलांना महामार्गाकडेला पाच मिनिटं उभं केलं तर तिन्ही सापडतात. रस्त्यापासून लांब, हात धरून.

आणि सर्वांत छान पुस्तक आपल्या खिशात असतं. नव्या मालिकेतली दहाची नोट घ्या. तिच्यावर इंग्रजी अंकांत दहा आहे आणि देवनागरीत १० सुद्धा आहे. मुलाला दोन्ही शोधू द्या. मग नोट उलटी करा. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे, त्यात वरून चौथी ओळ कन्नड आणि आठवी मराठी. ओळी बोटानं मोजत खाली यायचं, एक, दोन, तीन, चार, आणि तिथं थांबून म्हणायचं "हत्तु". मग आणखी चार ओळी खाली, "दहा". ते झालं की विसाची आणि पन्नासाची नोट. विसाच्या नोटेवर मागे वेरूळ आहे, पन्नासाच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ. दोन्ही नोटा मुलाच्या हातात द्या, बाजारात बरोबर न्या, आणि अक्कांनी भाव सांगितला की उत्तर देण्याची घाई तुम्ही करू नका.